नमुना क्रमांक चार

माझा नवरा धनराज जाऊन अकरा महिने झाले होते, आणि तरीही रोज दुपारी तीन चाळीसला तो माझ्या दवाखान्यात येऊन बसत होता. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. सव्वीस वर्षं मी लोकांचं रक्त काढते आहे आणि आकडे वाचते आहे. जे आकड्यात उतरत नाही त्याच्याशी माझं फारसं पटत नाही. अडचण अशी झाली होती की धनराज आकड्यांतच उतरला होता.

आमचा कारखाना वर्धा नदीच्या काठी, चंद्रपूरपासून तासाभरावर. लोखंड वितळवायच्या तीन भट्ट्या आहेत. एप्रिलमध्ये बाहेरच पारा एकोणपन्नासला टेकतो, भट्टीसमोर किती होतो ते मोजायच्या फंदात कुणी पडत नाही. मी तिथल्या आरोग्यकेंद्रातली तंत्रज्ञ. धनराज दोन नंबरच्या भट्टीवर होता. वितळलेला रस बाहेर काढायला भट्टीचं तोंड फोडतात, त्या टोळीचा तो मुकादम.

शरीराचं मला अजून नवल वाटतं. बाहेर आग असो की थंडी, आत सदतीस अंशच. रक्तातलं मीठ, पाणी, साखर, सगळं इतक्या अरुंद वाटेने चालतं की बोटभर इकडेतिकडे झालं तर माणूस आडवा होतो. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे. उतू जाणाऱ्या दुधापाशी बाई जशी गॅस कमी-जास्त करत उभी राहते, तसा तो जन्मभर उभा असतो. घाम आण, घाम थांबव, मीठ धर, मीठ सोड. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

नवा माणूस भट्टीवर आला की पहिले पंधरा दिवस त्याचे हाल कुत्रा खात नाही. घामावाटे भसाभस मीठ जातं, चक्कर येते, पोटऱ्या वळतात. मग शरीर शिकतं. घाम लवकर येऊ लागतो, पण कमी खारट, कारण मीठ आतच धरून ठेवायला मूत्रपिंडं आणि कातडी सरावतात. पण सगळ्यांची शरीरं सारखी हुशार नसतात, आणि हल्लीचे उन्हाळे शिकायला पंधरा दिवस देत नाहीत. म्हणून तोलक आला.

तोलक म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी चकती. गळ्याखालच्या हाडाशी कातडीखाली बसवतात. दर चार सेकंदांनी ती रक्त वाचते आणि सुईच्या टोकावर मावेल एवढं संप्रेरक सोडते, नसांना हलकेच टोचते. पण तिला स्वतःची अक्कल नाही. तिला नमुना लागतो. एखाद्या चांगल्या सरावलेल्या माणसाला चौदा दिवस नुसती वाचणारी चकती लावायची, त्याचं शरीर दिवसाच्या कुठल्या घटकेला काय करतं ते टिपायचं, आणि तीच चाल दुसऱ्यांच्या चकत्यांत भरायची. म्हणजे नवखं शरीर पहिल्या दिवसापासून जुन्या खोडासारखं वागतं.

नमुन्यासाठी सहा माणसं निवडली, त्यात धनराज चौथा. सहाही जणांचे फॉर्म मीच भरले. ‘सध्या कोणतं औषध घेता?’ या रकान्यापाशी मी बाकीच्या पाचांना दोन-दोनदा विचारलं. धनराजला विचारलंच नाही, सरळ ‘नाही’ लिहून मोकळी झाले. ज्याच्या ताटात काय पडतं ते मी वाढते, त्याला काय विचारायचं? तो समोर बसून हसत होता.

चौदा दिवसांनी नागपूरहून डॉ. रेवती येरावार आल्या. ही चाचणी त्यांच्याच देखरेखीखाली चालली होती. आलेख पाहून त्या खुर्चीत पुढे सरकल्या. हा माणूस मीठ सोडतच नाही, त्या म्हणाल्या, असं सरावलेलं शरीर मी पाहिलं नाही. पोटॅशियम मात्र थोडं कमी होतं. त्यावर त्या म्हणाल्या, काही शरीरांना तेवढंच मानवतं. माझी छाती फुगली. घरी जाऊन मी त्याला शिरा करून घातला.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, मेच्या अखेरीस, धनराज भट्टीच्या तोंडापाशी पडला तो उठलाच नाही. कागदावर उष्माघात लिहिलं गेलं. मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

फेब्रुवारीत नमुना क्रमांक चार एकतीस जणांत भरला. दुपारच्या पाळीचे सगळे. गडी त्याला ‘धनराजभाऊचा नंबर’ म्हणायचे. पहिला आठवडा मी ताठ मानेने काम केलं. दुसऱ्या आठवड्यात अंकुश कोहपरे तपासणीला आला, आणि माझ्या हातातली नळी खाली पडली.

अंकुश तिशीतला, किडकिडीत, तोंडाने चुरचुरीत पोरगा. धनराजशी त्याचं काडीचं साम्य नाही. तो आत आला, खिडकीशी ऊन पडलं होतं तिथे त्याने खुर्ची ओढली आणि उन्हात बसला. मग डावा अंगठा उजव्या मुठीत धरून हळूहळू ओढायला लागला. भट्टीपासून दूर आलं की धनराजचे हात असेच गार पडायचे, आणि हाच अंगठा असाच वळायचा. घड्याळात तीन चाळीस झाले होते. एकवीस वर्षं मी ते हात चोळले आहेत.

मी अंकुशचा हात हातात घेतला. गार होता. नाडी पाहते असं म्हणाले, आणि गरजेपेक्षा बराच वेळ तो हात धरून ठेवला.

त्यानंतर मी त्याची तपासणी आठवड्यातून एकदाऐवजी रोज ठेवली. बाकीच्यांतही धनराज थोडा थोडा होता. कुणाची पोटरी वळायची, कुणी त्याच्यासारखा दोन तांबे पाणी उभ्याने प्यायचा. पण सगळा मिळून तो अंकुशमध्येच येई. रक्तात पोटॅशियम कमी दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, चार नंबरला तेवढंच मानवतं. चकतीलाही तेच शिकवलेलं असल्यामुळे ती धोक्याची घंटा वाजवत नव्हती. मला ती वाजायला नकोच होती. लाज वाटते, पण सांगते. त्या दिवसांत मी साडेतीन वाजता केस विंचरायला लागले होते.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी अंकुशची बायको ललिता आली. त्या सणाला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, पान वाढतात. मी अजून धनराजच्या नावाने काहीच केलं नव्हतं. रोज भेटणाऱ्या माणसाला पान कसं वाढणार?

ललिता दारातच उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “मॅडम, राग नका मानू जी. यांच्या आंगात तुमचे मालक येऊन राह्यले.”

मी तिला चकतीचं शास्त्र सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. मग तिने सांगितलं की अंकुश पहाटे भोंग्याच्या आधी उठून पायरीवर बसतो. पूर्वी उठवून उठवून तिचा घसा बसायचा. आता जेवताना बोलत नाही, हात गार असतात, आणि तो जवळ आला की तिला वाटतं, परका माणूस आपल्याकडे पाहतो आहे. पहाटे उठणं, पायरी, जेवताना गप्प राहणं, ती एकेक सांगत गेली आणि मी मनात एकेक ओळखत गेले. तिच्या घरात माझा संसार चालला होता.

“तुमच्या मालकाले काय आवडे, तेवढं मले सांगा,” ती म्हणाली. “उद्या त्यायच्या नावानं करून घालीन. पोटभर खाऊन जातीन मंग ते आपल्या घरी.”

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी म्हटलं, धुराने त्याचा घसा धरायचा, म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ काढा द्यायची. आलं, दोन मिरे, गवती चहा आणि ज्येष्ठमधाच्या बोटभर दोन काड्या. काड्या चांगल्या उकळू दे, त्याला गोड लागायचा. कपाटात अजून पुडी होती, त्याच्यासाठी आणलेली. ती मी ललिताच्या हातात दिली. धनराजला घालवायला मी ती पुडी दिली नाही. त्याला पाजायला दिली.

आठ दिवसांनी, सोमवारी सकाळी अकराला, नागपूरहून नवा फॉर्म आला. दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यात एका नमुन्यात गडबड सापडली होती, म्हणून औषधाच्या रकान्याखाली एक नवा रकाना घातला होता. ‘घरगुती काढे, चूर्ण, मुळ्या यांपैकी काही घेता का?’ खाली यादी आणि प्रत्येकापुढे दोन ओळी. तिसरं नाव ज्येष्ठमध.

त्या दोन ओळी मी उभ्याने वाचल्या, मग बसून वाचल्या. मूत्रपिंडात मीठ धरून ठेवायचं एक कुलूप असतं आणि त्याची किल्ली एक ठरावीक संप्रेरक. ताणाचं संप्रेरकही त्या कुलपात बसू शकतं, म्हणून शरीराने तिथे एक रखवालदार ठेवला आहे. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं की तो रखवालदार झोपतो. मग कुलूप नको तेव्हाही फिरत राहतं. मीठ आत साठतं, पोटॅशियम बाहेर जातं. स्नायू वळतात. हृदय हाही स्नायूच.

म्हणजे धनराजचं शरीर मुलखावेगळं सरावलेलं नव्हतं. ते माझा काढा पीत होतं. चौदा दिवस चकतीने टिपला तो धनराज नव्हे, धनराज अधिक दोन काड्या. आणि भट्टीच्या तोंडापाशी तो पडला तो उन्हाने की माझ्या हाताने, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. आमच्याकडे काढ्याला औषध म्हणत नाहीत. मी शिकलेली बाई, सव्वीस वर्षं रक्त वाचणारी, मलाही तो रकाना भरताना काढा आठवला नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मला सगळं कळलं होतं. फोन माझ्या हाताशी होता. तो मी तीन चाळीसपर्यंत उचलला नाही.

याला काही सबब नाही. मी स्वतःला सांगत राहिले की दुपारची पाळी दोनला लागते, आधी खात्री करावी, पुन्हा आकडे पाहावेत. खरी गोष्ट एवढीच की फोन केला की चार नंबर बंद होणार होता, आणि मला आणखी एकदा तीन चाळीस हवे होते. ललिताला मी पुडी दिली आहे हे माझ्या डोक्यात होतं की नव्हतं, हे मी अजून नक्की सांगू शकत नाही. असावं.

अंकुश आला. खुर्ची उन्हात ओढली. अंगठा मुठीत धरला. मी हात धरला, तर नाडी दोन पावलं चालायची, एक चुकायची.

“काढा पितोस का?” मी विचारलं.

“पितो ना जी. ललिता देते दोन टाइम. तुमीच तं सांगतलं म्हने.” मग तो माझ्याकडे पाहून हसला. त्या हसण्यात धनराज कुठेच नव्हता. एक दमलेला, भ्यालेला पोरगा होता. “मॅडम, छातीत पाखरू फडफडल्यावानी होते.”

मी त्याला पलंगावर आडवा केला. हृदयाच्या पट्टीवरच्या रेघा पाहिल्या आणि माझे हात आपोआप कामाला लागले. कामाचा तेवढा एक गुण आहे. रक्तातलं पोटॅशियम इतकं खाली होतं की मी आकडा दोनदा वाचला. एका माणसाचा तोलक मी माझ्या अंगठ्याच्या ठशाने बंद करू शकते, सगळ्यांचे फक्त डॉक्टर. मी अंकुशचा बंद केला, सलाईन लावली आणि डॉ. येरावारांना पडद्यावर बोलावलं. त्यांनी सांगितलं तसं पोटॅशियम अगदी सावकाश सोडलं, कारण ते घाईने देणंही तितकंच घातक. रुग्णवाहिका निघाली होती.

डॉक्टरांनी बाकीच्या तिसांचे आकडे उघडले. एकेक आलेख पुढे सरकवत गेल्या. मग म्हणाल्या, चार नंबर आत्ता बंद करते, पण कारण लिहावं लागेल. ‘नमुन्यात बिघाड’ लिहिलं तर तो बाजूला ठेवून पुढे दुरुस्त करता येईल. दुसरं काही कारण असेल तर सांगा.

त्यांना काढ्याचं काहीच माहीत नव्हतं, आणि त्यांनी माझ्यासमोर सोपी वाट आणून ठेवली होती. बिघाड. धनराज कुठल्यातरी कपाटात राहिला असता. आज ना उद्या कुणीतरी दुरुस्त करून त्याला पुन्हा एखाद्या नव्या पोराच्या अंगात सोडलं असतं, आणि कदाचित तो पोरगा माझ्याच दवाखान्यात आला असता. मला कुणी दोष दिला नसता. पलंगावर अंकुश डोळे मिटून पडला होता. अंगठा अजून मुठीतच होता.

“बिघाड नाही,” मी म्हटलं. “फॉर्म मी भरला होता. धनराजला मी रोज दोन वेळा ज्येष्ठमधाचा काढा देत होते, आणि लिहिलं ‘नाही’. यालाही पुडी मीच दिली. आणि मला हे सकाळी अकरापासून माहीत आहे.”

डॉक्टरांनी ते तसंच टिपून घेतलं. मी विचारलं, मग तो माझ्यामुळे गेला का?

“तसं ठामपणे म्हणता येणार नाही, प्रणिताताई,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तसं नाही, असंही म्हणता येणार नाही.”

बाहेरच्या पदार्थाने खराब झालेला नमुना ठेवत नाहीत, पुसतात. तसा नियमच आहे. त्यांनी ती कळ दाबली तेव्हा माझ्या समोरच्या पडद्यावर तीस रेघा होत्या. सगळ्या एकाच वळणाने चाललेल्या, अकरा महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाच्या वळणाने. पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. मग एक रेघ किंचित वर गेली, दुसरी खाली आली, तिसरी वाकडी चालायला लागली. हळूहळू प्रत्येक शरीर आपापल्या वाटेला लागलं. कुणी घाबरट, कुणी सुस्त, कुणी उगाच धडपडणारं. मी त्या रेघांत त्याला शोधत राहिले. चार वाजून गेले तेव्हा एकाही रेघेत तो सापडेना.

रुग्णवाहिका येईपर्यंत ललिता धावत आली होती. तिलाही मी सगळं सांगितलं, पुडीसकट. मला वाटलं ती ओरडेल. ती नवऱ्याच्या उशाशी बसली, त्याची मूठ उघडून अंगठा मोकळा केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “पान तुमीच वाढाले पायजे होतं, मॅडम. मी परकी. माह्या हातचं खाऊन ते कशाले जातीन?”

माझी चौकशी लागली. चालू आहे. तोवर दवाखान्यातलं काम माझ्याकडेच आहे, कारण इतक्या लांब उन्हाळ्यात दुसरं कुणी यायला तयार नाही. बंद झालेल्या एकतीस जणांना आता सावलीचं काम दिलं आहे.

तीन आठवड्यांनी, धनराजचं वर्ष होण्याच्या दोन दिवस आधी, अंकुश तपासणीला आला. नागपूरहून बरा होऊन परतला होता, गालावर थोडं मांसही चढलं होतं. दारातून त्याने नमस्कार केला, डॉक्टरीण बाईला करतात तसा. खुर्ची मी सवयीने खिडकीशी मांडून ठेवली होती. तो बसला, आणि लगेच उठला.

“इथं लय तपते जी,” तो म्हणाला, आणि खुर्ची उचलून पंख्याखाली घेऊन गेला.

मी त्याचं रक्त काढलं. हात गरम होता, घामाने ओला. आकडे चांगले होते, ते मी त्याला सांगितलं. ललिता कशी आहे विचारलं, तर म्हणाला, बरी आहे, पण उठत नाही म्हणून सकाळी शिव्या घालते.

तो गेल्यावर मी ती खुर्ची पुन्हा खिडकीशी नेली आणि उन्हात बसले. अंग भाजत होतं, घाम पाठीवरून वाहत होता. तीन चाळीस वाजले. दार उघडलं नाही. मी आणखी पाच मिनिटं बसून राहिले, मग उठून तांब्याभर पाणी प्याले आणि वर्षश्राद्धाच्या सामानाची यादी करायला घेतली. भात, वरण, वडे, शिरा. काढा लिहिला, आणि त्यापुढे ज्येष्ठमध नको, असं लिहिलं.